गुणांची तुलना : पाच विषयांचे टक्के, सहांचे टक्के आणि पर्सेंटाइल

निकाल लागून दोन महिने झाले, तरी गुणांच्या तुलनेविषयीची पत्रे थांबलेली नाहीत. त्यांतील गोंधळ दरवर्षी तोच असल्यामुळे निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मुलीला दहावीत ६०० पैकी ४९८ गुण आहेत, म्हणजे ८३ टक्के. गुणपत्रिकेवर मात्र ८६ छापले आहेत. चूक कुणाची? (पालक, दारव्हा)

कुणाचीच नाही. राज्य मंडळ सर्वोत्तम पाच विषय धरते. सर्वांत कमी गुणांचा विषय (६८) वगळल्यावर ५०० पैकी ४३० उरतात. तुलना करताना पाचाशी पाच आणि सहाशी सहाच धरावेत.

माझ्या २०१६च्या सीबीएसई गुणपत्रिकेवर ९.२ सीजीपीए आहे. टक्के किती? (तरुण, चिमूर)

सीजीपीए म्हणजे विषयांच्या श्रेणीगुणांची दहापैकी सरासरी. तिला ९.५ने गुणावे, ८७.४ येतात. अर्ज भरण्यापूर्वी हीच रीत चालते ना, हे त्या संस्थेला विचारून घ्यावे.

मुलगा जिल्हा परिषद शाळेत कायम पहिला असे. नवोदयमध्ये नववीत त्याला ७१ टक्के मिळाले आणि ७६ मुलांत तो बेचाळिसावा आला. चुलतभावाला गावच्या शाळेत ९२ आहेत. याला परत आणावे का? (पालक, कारंजा)

घाई करू नका. नवोदय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावीत जास्तीत जास्त ८० जागा, त्यांसाठी जिल्हाभरातून परीक्षा देणारी मुले, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी. म्हणजे त्या वर्गात बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिलाच आहे. अशा वर्गात कुणाला तरी बेचाळिसावे यावेच लागते. शिवाय दोन्ही शाळांचे पेपर वेगळे आणि तपासणारेही वेगळे. त्यामुळे दोन शाळांचे नववीचे टक्के एका तराजूत घालता येत नाहीत. आपल्याला मी वर्गशिक्षकांकडून विषयवार सरासरी मागवायला सांगितले होते, ती आता माझ्यासमोर आहे. मराठीत मुलाचे ८६, वर्गाची सरासरी ८२; गणितात ६६, सरासरी ६०; विज्ञानात ७३, सरासरी ७०. तिन्ही ठिकाणी तो सरासरीच्या पुढे आहे. मागे आहे तो इंग्रजीत (६२, सरासरी ७४) आणि सामाजिक शास्त्रांत (६८, सरासरी ७६). नवोदयमध्ये वरच्या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकवली जातात. गणितात सरासरीच्या पुढे असलेल्या मुलाची बुद्धी कमी पडते आहे, असे मी म्हणणार नाही. मराठी शाळेतून आलेले हे लेकरू दोन भाषांशी झुंजते आहे, असे मला दिसते. ७१ या एका आकड्यात हे सारे झाकले जाते, म्हणूनच एकूण टक्क्यांवर निर्णय घेणाऱ्या पालकांची मला काळजी वाटते. चुलतभावाचे ९२ त्याच्यासमोर पुन्हा काढू नका. येत्या भेटीच्या दिवशी इंग्रजीच्या शिक्षकांशी बोला, उत्तरपत्रिका पाहायला मागा आणि मगच ठरवा.

शेजारच्या मुलाला सीईटीत ९५ मिळाल्याचा फलक क्लासने चौकात लावला आहे. माझ्या मुलीला बारावीत ७८ टक्के आहेत. ती मागे पडली का? (पालक, मोर्शी)

सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. फलकावरचे ९५ हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहेत. दर शंभर परीक्षार्थींपैकी ९५ जणांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०० पैकी त्याचे प्रत्यक्ष गुण पुष्कळ कमी असू शकतात. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून ही पद्धत वापरतात. क्लासवाले ‘पर्सेंटाइल’ हा शब्द गाळून आकडा तेवढा मोठा छापतात आणि बापाकडून पुढच्या वर्षाची फी उचलतात. ही सरळ दिशाभूल आहे. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, बारावीच्या गुणांची अट पात्रतेपुरती असते. मुलीचे सीईटीचे पर्सेंटाइल आपण कळवलेलेच नाही. ते घेऊन जवळच्या प्रवेश सुविधा केंद्रात जा. क्लासच्या कार्यालयात नको.

निकाल मे महिन्यात लागला, पेरणीच्या धांदलीत राहून गेले. दहावीच्या गणिताचे पुनर्मूल्यांकन आता होईल का? (पालक, आर्वी)

नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि तिची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षेला बसता येते. त्या अर्जाची तारीख मुख्याध्यापकांना याच आठवड्यात विचारा.