गाडीतला कुबट वास: डाव्या पायाखालचं पाणी येतं कुठून?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. गाडी गुहागरला घराच्या उतरत्या अंगणात, फणसाखाली उभी असते. पाऊस लागल्यापासून आत कुबट वास येतो, पुढच्या डाव्या बाजूची मॅट दमट लागते. गॅरेजमध्ये कूलिंग कॉइलवर, म्हणजे एसीची हवा थंड करणाऱ्या भागावर, सफाईचा फोम मारून घेतला, पण पंधरा दिवसांत वास परत आला आणि आता कॉइलच बदला असा सल्ला मिळालाय.

कॉइल बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. त्यासाठी बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, खर्च मोठा आणि उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा तितकाच घट्ट बसेल याची खात्री नाही. तुमच्या गाडीत कुठून तरी पाणी येतंय आणि कार्पेटखाली मुरतंय. ते थांबेपर्यंत फवारे, परफ्यूम, कापराच्या वड्या, कोळशाच्या पिशव्या यांवर एक रुपयाही घालू नका.

आधी ओल किती आहे ते बघा. मॅट काढून कार्पेटला वरून हात लावला तर तो कोरडाही लागेल, त्यावर जाऊ नका. कार्पेटखाली जाड फोम किंवा नमदा असतो आणि पाणी धरून ठेवतो तो. दरवाजाच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढली की निघते. तिथून कार्पेटची कड उचला आणि हात थेट पत्र्यापर्यंत घाला. फोम पिळल्यावर पाणी निघालं तर वासाचं कारण तिथेच सापडलं. मागच्या सीटच्या पायाशीही असंच बघा, कारण पाणी पत्र्याच्या उतारावरून सरकतं. तुमचं अंगण उतरतं आहे, म्हणजे गाडी नाक वर करून उभी असेल तर पुढे शिरलेलं पाणी मागे सापडेल. ओल दिसते तिथेच गळती असते असं धरून चाललात तर शोध भरकटतो.

आता खरा प्रश्न: पाणी एसीचं की पावसाचं? हे वेगळं केलं की अर्धं काम झालं. पडवीत किंवा शेडमध्ये, वरून थेंबही पडणार नाही अशा जागी गाडी उभी करा. जागा मोकळी हवी, बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही. वीसेक मिनिटं एसी पूर्ण चालू ठेवा आणि गाडीखाली बघा. आपल्याकडच्या दमट हवेत तेवढ्या वेळात खाली चांगलं थारोळं व्हायला हवं. पाणी पडलंच नाही किंवा अगदी थेंब थेंब पडलं, तर कॉइलवर जमणारं पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची नळी तुंबली आहे आणि ते सगळं पाणी डाव्या पायाशी उतरतंय. वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डच्या आत खळखळ आवाज येत असेल तर मग शंकाच नको.

ही नळी कॉइलच्या डब्यातून निघून इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून बाहेर येते, म्हणून बहुतेक गाड्यांत ती डावीकडे खाली दिसते. तिच्यात धूळ आणि कॉइलवरचा बुळबुळीत गाळ साचतो. कोकणात आणखी एक गोष्ट बघितली पाहिजे: कुंभारीण माशी अशा नळ्यांच्या तोंडाशी मातीचं घर करते. मऊ प्लास्टिकची तार हलक्या हाताने आत घाला, टोकदार सळई नको. कंप्रेसरची हवा मारायची तर अगदी कमी दाबाने, नाहीतर आतला जोड निसटतो. तुंबलेलं मोकळं झालं की एकदम भस्सकन पाणी येतं, तोंड बाजूला ठेवा.

नळी मोकळी निघाली तर पावसाकडे वळा. एसी अजिबात न लावता दोन दिवस पावसात गाडी ठेवा, मॅटखाली वर्तमानपत्र पसरा, आणि कागद आधी कुठे भिजतो ते बघा.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर आहे. बॉनेट उघडा, काचेच्या बुडाशी जी प्लास्टिकची जाळी आहे तिच्याखाली एक पन्हळ असतं. काचेवरून उतरणारं पाणी तिथून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांमागे खाली जातं. फणसाची पानं, आंब्याचा मोहोर, काटक्या साचून ही भोकं बुजली की पन्हळ भरतं, आणि बाहेरची हवा आत घेणारं ब्लोअरचं तोंड तिथेच जवळ असतं. पाणी त्यातून थेट केबिन फिल्टरवर (आत येणारी हवा गाळणारा) आणि तिथून डाव्या पायाशी. म्हणून ग्लोव्हबॉक्समागचा फिल्टर काढून बघा. तो ओला, काळा पडलेला किंवा पानांच्या चुऱ्याने भरलेला असेल तर उत्तर मिळालं. पन्हळ हाताने साफ करा, दोन्ही टोकांना तांब्या तांब्या पाणी ओता आणि चाकामागून ते लगेच खाली पडतंय याची खात्री करा. फिल्टर नवीन टाका, धुऊन वाळवलेला नको. तिथे उंदराचं घरटं निघालं तर वायरीही तपासून घ्या.

दुसरा संशय दरवाजाचा. काचेच्या रबरातून थोडं पाणी दरवाजाच्या पोकळीत जाणारच, ते खालच्या फटींतून बाहेर पडावं अशीच रचना असते. या फटी तांबड्या मातीने बुजतात. दरवाजा उघड-बंद करताना आत पाणी हलल्याचा आवाज आला तर काडीने त्या मोकळ्या करा. दरवाजाच्या पॅडमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. कोणी बाहेरच्या दुकानात स्पीकर बसवून घेतले असतील तर तो बहुतेक वेळा फाडलेला असतो, आणि मग पाणी पॅडच्या आतून उंबरठा ओलांडून कार्पेटमध्ये उतरतं. तो पडदा ब्यूटिल टेपनेच (चिवट रबरी पट्टी) चिकटवा, साधी चिकटपट्टी एका पावसातही टिकत नाही.

बाकीच्या जागा झटपट सांगतो: बदललेल्या पुढच्या काचेचं सीलंट, छतावरच्या अँटेनाचं बूड, सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या, जादा वायर आत घेताना भोक पाडून तसंच सोडलेलं रबरी बूच. डिकीत ओल असेल तर स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा आणि टेल लाइटमागचं रबर तपासा.

नळाच्या पाण्याने गळती शोधायची असेल तर खालून वर जा. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा पाइप धरेल. आधी उंबरठा, मग दरवाजाची खालची कड, मग काच, शेवटी छत. प्रत्येक जागी काही मिनिटं, बारीक धार. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप वापरलात तर चांगल्या रबरातूनही पाणी आत जाईल आणि तुम्ही भलतीच जागा दुरुस्त कराल.

गळती थांबल्यावर वाळवणं, आणि इथे आपली हवा आड येते. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैच्या हवेतच इतकं बाष्प असतं की काचा खाली करून फोम वाळत नाही, उलट बुरशी वाढते. सीट काढून कार्पेट उचला आणि फोम बाहेर काढा. सीटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे, बॅटरी सोडल्याशिवाय त्यांना हात लावू नका, माहितगार मेकॅनिकला बोलवा. फोम पिळून, उघडीप मिळेल तेव्हा उन्हात, नाहीतर पंख्याखाली वाळवा. वास मारून सडला असेल तर फेकून नवीन घाला. पत्र्यावर गंज दिसला तर घासून प्रायमर मारूनच कार्पेट परत टाका. वायरींच्या जोडांवर हिरवट थर आलाय का तेही बघा, पॉवर विंडो मध्येच बंद पडणं असल्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांत तीच नजरेतून सुटते. समुद्रात भिजलेले कपडे, वाळूचे पाय, मासळीच्या पिशवीतून गळलेलं खारं पाणी यातलं मीठ कार्पेटमध्ये राहतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ बाष्प ओढून पाणी धरतं, आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. असा कार्पेट कितीही वाळवला तरी पुन्हा ओला होतो. तो गोड्या पाण्याने भरपूर धुऊन मीठ काढून टाकल्याशिवाय इलाज नाही.

कॉइलवर सफाईचा फोम मारायचा तर आता, सगळं कोरडं झाल्यावर. पुढे सवय एवढीच: घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा, बाहेरची हवा घ्या, काच थोडी खाली. कॉइल सुकते. पावसात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आतली ओल आतच कोंडते.

वास कुबट नसून गोडसर असेल, काचेच्या आतून चिकट धुकं बसत असेल आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी होत असेल, तर मात्र हे सगळं सोडून हीटरची गळती तपासून घ्या.

सध्या दोनच कामं करा: एसी लावून खाली पाणी पडतंय का ते बघा, आणि केबिन फिल्टर बाहेर काढा. काय दिसलं ते फोटोसकट इथे टाका, त्यावरून पुढचं सांगतो.