मासा चिकटतो, सॉस फाटतो: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

पॅनमध्ये खरपूस भाजलेला मासा आणि त्यासोबत क्रीम-हर्ब्जचा सॉस, या एका डिशवर इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, सारखे वाटले ते एकत्र केलेत. आधीच सांगते, निम्म्या प्रश्नांचं मूळ एकच आहे, नको तिथे राहिलेलं पाणी.

प्रश्न: ताई, मासा दरवेळी पॅनला चिकटतो, उलटवायला गेलं की चुरा. तेल वाढवून बघितलं, फरक शून्य. नॉनस्टिक घेऊ का?

घ्या हवा तर, पण त्याआधी पेपर टॉवेल घ्या. ओला तुकडा पॅनमध्ये टाकला की पॅनची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते, पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० तरी लागतात, म्हणजे भाजतोय असं वाटत असतं पण चाललेलं असतं वाफवणं. म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून टिपा, मीठ लावून १०-१५ मिनिटं ठेवा, मिठाने परत पाणी सुटेल ते पुन्हा टिपा. ही दुसरी टिपणी लोक हमखास विसरतात.

मग पॅन. स्टीलचा असेल तर तेल घालायच्या आधी तापवा आणि पाण्याचा एक थेंब टाकून बघा, थेंब पसरून चुरचुरत संपला तर अजून थांबा, गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागला की झालं (ही टेस्ट तेल घातल्यावर करायची नाही, तोंडावर उडेल). आता तेल, तेल लगेच पातळ होऊन चमकायला लागतं, मग मासा, आपल्यापासून लांबच्या दिशेने अलगद सोडायचा. आणि त्यानंतर हात मागे. चिकटतो सगळेच मासे सुरुवातीला, कच्चं प्रोटीन तापलेल्या धातूला धरतंच, पण खालून पापुद्रा तयार झाला की बहुतेक वेळा स्वतःहून सुटतो. कडेने उलथनं घालून बघा, अडलं तर अर्धा मिनिट थांबून परत बघा, ओढाताण करू नका.

नॉनस्टिकमध्ये हे सगळं सोपं जातं हे खरंय, पातळ आणि नाजूक माशाला मी पण तोच वापरते. फक्त रिकामा पॅन मोठ्या आचेवर तापत ठेवून फोनवर बोलत बसू नका, २६०च्या पुढे कोटिंग खराब व्हायला लागतं.

प्रश्न: बटरमध्येच भाजायचं का? माझं करपून काळं होतं.

होणारच, बटरमधला दुधाचा अंश १५०च्या आसपास करपायला लागतो. भाजायला रिफाइंड तेल, आणि बटर शेवटच्या मिनिटाला आच कमी करून. पॅन तिरका करायचा आणि फेसाळलेलं बटर चमच्याने माशावर ओतत राहायचं, लसणाची ठेचलेली पाकळी आत असेल तर फारच छान.

प्रश्न: कातडी कुरकुरीत होत नाही आणि तुकडा मध्येच धनुष्यासारखा वाकतो.

कातडी तापली की आकसते, मांस तेवढं आकसत नाही, म्हणून वाकतो. कातडीची बाजू खाली करून टाकला की लगेच उलथन्याने १०-१५ सेकंद सपाट दाबून धरा, एकदा आकार धरला की सोडून द्या. त्यानंतर आच मध्यम, आणि जवळजवळ सगळं शिजणं याच बाजूवर होऊ द्या. बाजूने बघितलं तर खालून वर रंग बदलत जाताना दिसतो, काचेसारखं मांस पांढरट (सॅमन असेल तर फिकट गुलाबी) होत चढतं, तीन चतुर्थांश चढलं की उलटा, दुसऱ्या बाजूला एखादं मिनिट पुरतं. आणि हो, खवले नीट काढलेत ना ते बोट उलटं फिरवून बघा, नाहीतर कुरकुरीत लागेल ते वेगळंच काहीतरी.

प्रश्न: सॉस फाटतो! लिंबू पिळलं की दाणे दाणे. क्रीम चांगल्या कंपनीचं आहे.

कंपनी सोडा, पॅकेटवर फॅट किती टक्के ते वाचा. ३५ किंवा जास्त असेल तर ते क्रीम उकळी आणि थोडं आंबट दोन्ही सहन करतं, कारण त्यात फॅट भरपूर आणि दुधाची प्रोटीनं त्यामानाने कमी. २०-२५ टक्केवाल्यात ही प्रोटीनं जास्त असतात, आंबट आणि उष्णता एकदम मिळाली की ती गोळा होतात, तेच तुमचे दाणे. कमी फॅटचंच मिळत असेल तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर थंड क्रीममध्येच कालवून घ्या, आच मंद ठेवा, लिंबू गॅस बंद केल्यावर.

दोघांसाठी माझा अंदाज असा: मासा काढून ठेवला की त्याच पॅनमधलं जास्तीचं तेल ओतून टाकायचं पण तळाला चिकटलेला तपकिरी थर अजिबात धुवायचा नाही, खरी चव तिथेच आहे. चमचाभर बटर, एक छोटा कांदा अगदी बारीक, मऊ होईपर्यंत, लसूण, मग अर्धा कप स्टॉक (भाज्या किंवा मासे उकळून गाळलेलं पाणी) घालून तळ खरवडायचा आणि स्टॉक निम्मा आटवायचा. हे आटवणं टाळलं की सॉस पाणचट होतो आणि मग लोक मैदा ढकलतात. मग अर्धा कप क्रीम, मंद आचेवर तीन-चार मिनिटं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली तर गॅस बंद. थोडं सैल असतानाच थांबलेलं बरं, ताटात जाईपर्यंत तो अजून दाटतो.

फाटलाच तर फेकू नका, गॅसवरून उतरवून दोन चमचे थंड क्रीम घालून जोरात फेटा, नाहीतर मिक्सरमधून फिरवा. अगदी पहिल्यासारखा नाही होणार पण खाता येतो.

प्रश्न: व्हाइट वाइन घालत नाही आम्ही, मग काय?

स्टॉक आणि शेवटी लिंबू, किंवा चमचाभर व्हिनेगर स्टॉकसोबत आटवून. काही अडत नाही.

प्रश्न: हर्ब्ज कोणते आणि कधी? माझे काळपट पडतात.

थाइम, रोझमेरी हे कडक काडीवाले सुरुवातीला, कांद्यासोबत, त्यांना वेळ लागतो. डिल, पार्स्ली, चाइव्ह्ज, कोथिंबीर ही कोवळी मंडळी गॅस बंद झाल्यावर, आणि चिरायची सुद्धा तेव्हाच, कोरडी करून, धारदार सुरीने. बोथट सुरीने पानं चेचली जातात आणि रंग तिथेच जातो. सगळे एकत्र घालू नका बरं का, टॅरॅगॉन आणि रोझमेरी दोघंही दादा आहेत, एकमेकांना बोलू देत नाहीत.

प्रश्न: मासा शिजला कसं ओळखायचं? आणि वर पांढरं काहीतरी येतं ते काय?

ते पांढरं म्हणजे अल्ब्युमिन, माशातलंच प्रोटीन, खायला काही त्रास नाही. पण खूप येत असेल तर आच जास्त आहे किंवा वेळ जास्त झालाय. शिजल्याची खूण म्हणजे जाड भागात काट्याचं (फोर्कचं) टोक घालून हलकंसं फिरवा, पाकळ्या सुटायला लागल्या की झालं. थर्मामीटर असेल तर सुरक्षित आकडा ६३ अंश. बरेच शेफ सॅमन ५२-५५लाच उतरवतात, मऊ लागतो, पण घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर ६३च धरा.

प्रश्न: पाहुणे येणार आहेत, आधी करून ठेवता येईल?

सॉस येईल, लिंबू आणि कोवळे हर्ब्ज न घालता, मंद आचेवर चमचाभर पाणी घालून गरम करा. मासा मात्र ऐनवेळीच. आणि सॉस माशावर ओतू नका, आधी ताटात सॉस, त्यावर मासा कातडी वर करून, नाहीतर एवढी कुरकुरीत केलेली कातडी दोन मिनिटांत मऊ. उरलाच तर मासा परत गरम करायच्या भानगडीत पडू नका, गारच कुस्करून उरलेल्या सॉसमध्ये मिसळा आणि उकडलेल्या बटाट्यासोबत खा.