बारीक कामासाठी छोटा इलेक्ट्रिक सँडर घ्यावा का? आधी त्याचं टोक कसं हलतं ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे: लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती करताना खाचाखोचा हाताने घासून बोटं दुखतात, तर हातात मावणारा छोटा इलेक्ट्रिक सँडर घ्यावा का, कोणता घ्यावा आणि तो वापरायचा कसा?

घ्या. पण किती वॉटचा आहे, सोबत किती तुकडे मिळतात हे बघण्याआधी एक गोष्ट बघा. मशीन चालू केल्यावर त्याचं टोक कसं हलतं? गरगर फिरतं, पुढे-मागे सरकतं, की जागच्या जागी थरथरतं? बारीक कामात सगळा फरक तिथेच पडतो. ‘मिनी सँडर’ या एकाच नावाखाली निदान तीन वेगळी हत्यारं विकली जातात आणि जाहिरातीतल्या फोटोवरून त्यांच्यातला फरक कळत नाही.

मी सोलापूरचा. हातमागाच्या लहान लाकडी प्रतिकृती करतो. मागाचा सांगाडा, फणीची चौकट, ताण्याचा रूळ, पावड्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढा धोटा, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा तुकडा. या सगळ्यात धोट्याचं घासकाम सर्वांत नाजूक. दोन्ही टोकांना निमुळता, मधे आडव्या धाग्याची कांडी बसायला पोकळी, आणि अंगावर कुठेही कुसळ राहता कामा नये. खऱ्या मागावर धोटा खरखरीत राहिला तर ताण्याचे धागे अडकून तुटतात. माझ्या प्रतिकृतीवर कापड विणायचं नसतं, पण आमच्याकडे घरोघरी माग पाहिलेली माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी प्रतिकृती हातात घेतली की अंगठा आधी धोट्यावरून फिरतो. त्यामुळे पुढची बरीच उदाहरणं मागाचीच येतील.

गरगर फिरणारं हत्यार म्हणजे रोटरी टूल. कंपनी कुठलीही असो, लोक त्याला ‘ड्रेमेल’च म्हणतात. ती मूळ कंपनी अमेरिकेतली, १९३२ साली सुरू झालेली. याच्या टोकाला पॉलिश पेपरची, म्हणजे घासायच्या खरखरीत कागदाची, छोटी नळी बसवतात आणि ती मिनिटाला १० हजारांपासून ३० हजारांपर्यंत फेरे घेते. एवढ्या वेगाने फिरणारी नळी लाकूड गुळगुळीत करत नाही, ते खाते. धोट्याची पोकळी मोठी करायची असेल, कमानीची आतली गोलाई काढायची असेल, तर याला तोड नाही. सपाट भागावर मात्र ते टेकवू नका. नळी जिथे टेकते तिथे खळगा पडतो, हात जरा पुढे गेला की दुसरा खळगा, आणि पॉलिश चढवल्यावर ते सगळे खळगे उजेडात दिसतात.

दुसरं हत्यार त्रिकोणी तळव्याचा डिटेल सँडर, लहान इस्त्रीसारखा. तळव्याला वेल्क्रो असतं, त्यावर त्रिकोणी पेपर चिकटतो. तळवा दीड-दोन मिलिमीटरच्या वर्तुळात, मिनिटाला दहा हजारांहून जास्त वेळा हलतो. त्याचं टोक चौकटीच्या कोपऱ्यात छान जातं. पेटी, ट्रे, देव्हारा, खुर्चीचे पाय अशा तळहाताहून मोठ्या कामाला हा उत्तम. पण ‘छोटा’ हे त्याचं वर्णन सुतारकामाच्या मानाने आहे. बोटाएवढ्या वस्तूवर तो ठेवला की खालची वस्तूच दिसेनाशी होते, आणि न दिसणारी वस्तू घासली की कडा गोल होतात.

तिसरा पुढे-मागे सरकणारा, जाड मार्कर पेनाएवढा. याला पेन सँडर म्हणतात. बहुतेक यूएसबीवर चार्ज होतात. टोकाला चौकोनी, गोल, निमुळत्या अशा वेगवेगळ्या आकाराच्या चिमुकल्या पट्ट्या बसतात आणि त्यांवर मागून चिकट असलेला पेपर लावायचा. टोकाची हालचाल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. प्लास्टिकची मॉडेलं करणारे हाच वापरतात आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हाला हवा आहे तोही हाच. तो फार माल काढत नाही अशी तक्रार वाचाल. मी म्हणेन, म्हणूनच तो घ्यावा. बोटाएवढ्या वस्तूवर घाईने निघालेला अर्धा मिलिमीटर परत आणता येत नाही.

दोन घ्यायची ऐपत असेल तर पेन सँडर आणि वेग कमी-जास्त करता येणारं रोटरी टूल अशी जोडी घ्या. एकच घ्यायचा असेल तर पेन सँडर. त्रिकोणी सँडरचं काम लहान वस्तूंपुरतं एका काचेच्या तुकड्याने भागतं. काचेवर पेपर चिकटवायचा आणि वस्तूच त्यावर घासायची. मशीनपेक्षा सपाट पृष्ठभाग मिळतो.

आता वापराबद्दल.

दाब देऊ नका. दाबलं की लवकर होईल असं वाटतं, पण होतं उलट. हालचाल छोटी असल्यामुळे टोक दाबलं की पेपर वस्तूवर अडतो आणि टोकाऐवजी तुमचा हातच थरथरायला लागतो. पेपर घासत नाही, नुसता तापतो. पेनाने लिहिताना देतो तेवढाच भार पुरे. वस्तू हातात धरून घासण्यापेक्षा छोट्या शिकंज्यात, दोन्ही बाजूंना चामड्याचा किंवा रबराचा तुकडा ठेवून धरा. एक हात मशीनला, दुसऱ्या हाताचं बोट वस्तूला आधार द्यायला, आणि दोन्ही मनगटं टेबलावर टेकलेली. मनगट हवेत असलं की टोक हमखास तिरकं होतं.

जिथे घासायचं तिथे पेन्सिलीने आडव्या रेघा मारून घ्या. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे सगळीकडे सारखं घासलं गेलं. खोलगट जागी रेघ तशीच राहते आणि डोळ्याला न दिसलेला खळगा तिथेच सापडतो. पेपरच्या प्रत्येक नंबरला (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) नव्याने रेघा मारायच्या. कंटाळवाणं वाटतं, पण ‘झालं का?’ या प्रश्नाचं याहून खात्रीचं उत्तर मला माहीत नाही.

नंबर गाळू नका. सागवानाला १२०, मग १८०, मग २४०, शेवटी ३२०. १२० वरून थेट ३२० वर उडी मारली तर ३२० चा पेपर १२० चे ओरखडे काढत नाही, नुसते चकचकीत करतो. शक्यतो लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. पेन सँडरचा इथे मोठा फायदा आहे: टोक सरळ रेषेत हलत असल्यामुळे मशीन वळवलं की दिशा तुमच्या हातात. त्रिकोणी सँडर वर्तुळात हलतो, तो रेषा जुमानत नाही. २४० नंतर ओलसर फडक्याने लाकूड एकदा पुसून घ्या. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात, वाळल्यावर ३२० ने हलकेच घासले की निघून जातात. हे आधी केलं नाही तर पाण्यातला रंग किंवा पॉलिश लागल्यावर तेच तंतू उभे राहतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या कोरड्या हवेत लाकूड बघता बघता वाळतं, पावसाळ्यात मात्र थांबायची तयारी ठेवा.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पेपर लवकर भरतो. भरलेला पेपर लाकूड कापत नाही, पॉलिश केल्यासारखा त्यावरून घसरतो. जुन्या चपलेचा क्रेप रबरचा तळवा असेल तर जपून ठेवा. पेपरवर तो घासला की अडकलेला भुसा रबराला चिकटून निघतो आणि पेपर पुन्हा चालू लागतो. प्लायवूडच्या बाबतीत मात्र सावध राहा. वरचा पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर मशीन नकोच, २४० चा पेपर हाताने दोनदा फिरवला की बस.

प्लास्टिकचं शास्त्र वेगळं आहे. मॉडेलच्या किटमधलं प्लास्टिक बहुतेक पॉलिस्टायरीन असतं, ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. थ्रीडी प्रिंटरचं पीएलए तर ६० अंशांच्या आसपासच. माझा भाचा प्रिंटरवर इंद्रभुवनच्या, म्हणजे आमच्या महापालिकेच्या जुन्या इमारतीच्या, कमानी आणि नक्षी छापतो. त्या तुकड्यांवर रोटरी टूल लावलं की काही क्षणांत पृष्ठभाग चिकट होतो, भुसा पडण्याऐवजी तंतू निघतात आणि ते नक्षीतच वितळून बसतात. घर्षणाने टोकाखाली एवढी उष्णता सहज तयार होते. म्हणून प्लास्टिकवर पेन सँडर, सगळ्यात कमी वेग, आणि दोन-चार सेकंद घासून टोक उचलायचं. बोट लावून बघा, कोमट लागलं की थांबा. पीएलएच्या थरांच्या रेघा २४० ने काढायला सुरुवात करा. किटमधल्या तुकड्यांना जोडाच्या ठिकाणी ४०० पुरतो, मग ६०० आणि ८००.

प्लास्टिकला शेवटचे नंबर पाण्यातच घासावेत. पाण्याने उष्णता जाते, भुसा वाहून जातो आणि धूळही उडत नाही. पण ते काम हाताने करा. विजेच्या तारेवर चालणारं कुठलंही मशीन ओल्या वस्तूला लावायचं नाही, यात तडजोड नाही. बॅटरीवरच्या काही पेन सँडरच्या माहितीपत्रकात टोकापुरतं पाणी चालतं असं लिहिलेलं असतं. लिहिलं असेल तरच, आणि टोकापुरतंच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी चिंता नको. एक वाटी पाणी संध्याकाळभर पुरतं.

धुळीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बारीक काम करणारे लोक तिकडे सर्रास दुर्लक्ष करतात. मशीन छोटं म्हणून धूळ थोडी, असं वाटतं. धूळ थोडी असते हे खरं, पण ती फार बारीक असते आणि तुमचं नाक कामापासून वीतभर अंतरावर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरलं आहे. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या, धुळीत त्याशिवाय फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. शिसमाच्या धुळीने अनेकांच्या त्वचेला आणि नाकाला त्रास होतो. सोलापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. कापसाच्या धुळीने फुप्फुसं धरतात, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि तो सूतगिरण्यांच्या कामगारांचाच आजार म्हणून ओळखला जातो. छंदासाठी तसल्या खोकल्याला घरात बोलावू नका.

एन९५ मास्क लावा, रुमाल नाही. डोळ्यांना चष्मा हवा, रोटरी टूल वापरताना तर हवाच. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हे सांगणं सोपं नाही याची मला कल्पना आहे, म्हणून मी उन्हाळ्यात घासकाम पहाटे करतो, दिवस तापायच्या आत. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी कामाशेजारी बांधून ठेवा. नंतर झाडू नका, झाडल्याने खाली बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसा. आणि लहान मुलं, घरातली वयस्क माणसं त्या खोलीत नकोत.

मशीन कुठे लावायचं नाही हेही सांगतो. गोल काठ्यांना नको. सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची छोटी प्रतिकृती मी बांबूच्या काडीची करतो. लांब, बारीक, गोल काडीवर सँडर लावला की सपाट पट्टे पडतात. त्यापेक्षा काडीचं एक टोक ड्रिलमध्ये पकडा, ड्रिल हळू फिरवा आणि पेपरची घडी चिमटीत धरून काडीवरून सरकवत न्या. काडी गोलच राहते. धारदार कडांनाही मशीन नको. खिडकीची चौकट, पायरी, पट्टीचा काठ या कडा तीक्ष्ण राहिल्या तरच प्रतिकृती खरी वाटते, आणि थरथरणारं टोक कडेला लागलं की पहिल्यांदा तीच जाते. कडेपासून दोन मिलिमीटर आधीच थांबा, उरलेलं एका सपाट काडीवर पेपर चिकटवून हाताने करा. शेवटचा हातही हाताचाच. ३२० किंवा ४०० चा पेपर बोटाभोवती गुंडाळून रेषांच्या दिशेने फिरवला की मशीनचे सूक्ष्म ओरखडे जातात. मशीनमुळे तुमच्या बोटांचं दुखणं बरंच कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. बोटाला उंचसखलपणा जितका कळतो तितका कुठल्याही मशीनला कळत नाही.

पेपरचा खर्च दिसतो त्याहून मोठा असतो. पेन सँडरसोबत येणारे चिकट तुकडे भराभर संपतात आणि नवे ऑनलाइन महाग पडतात. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचे साधे ताव आणा. ४०० च्या पुढचे नंबर हवे असतील तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ मागा, तिथे २००० पर्यंत मिळतो. मागच्या बाजूला पातळ दुहेरी चिकटपट्टी लावा आणि टोकाच्या आकाराचे तुकडे कापून घ्या. कापताना पेपर पालथा ठेवून कटर चालवा, कात्रीची धार पेपरने लगेच जाते. तुकड्यांच्या पाठीवर नंबर लिहून ठेवा, एकदा कापले की १८० आणि २४० मधला फरक नुसत्या बघण्याने ओळखू येत नाही.

मशीन घेताना दुकानात चालू करून हातात धरा. टोक नीट बसतं की लटपटतं, हाताला किती मुंग्या येतात, वेग खरंच कमी होतो का, एवढं बघा. ऑनलाइन घेणार असाल तर टोकाच्या हालचालीचा व्हिडिओ शोधून मग मागवा. बॅटरीवरचं असेल तर उन्हाळ्यात गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते. आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा.