गुणी बाळ आणि थायरॉइडचा अहवाल

लहान मुलांच्या थायरॉइडविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील निर्णय अंक छापून येईपर्यंत थांबणारा नव्हता, त्यामुळे त्या आईला उत्तर आधीच कळवले आहे; इथे ते इतरांसाठी सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी ९ दिवसांची आहे. तिसऱ्या दिवशी टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच ६४ आले, म्हणून काल शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासणी केली. त्यात टीएसएच १०० च्या वर आणि फ्री टी-४ फक्त ०.४ आहे. डॉक्टर आजपासूनच गोळी सुरू करा म्हणतात. पण बाळ दूध पिते, दिसायला छान आहे आणि इतके शांत आहे की रात्री कुणाला उठवतसुद्धा नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला औषध कशाला, महिनाभर थांबू आणि पुन्हा तपासू. काय करावे?

उत्तर : गोळी आजच सुरू करावी. महिनाभर थांबण्यात जे जाईल, ते नंतर कितीही औषध दिले तरी परत मिळत नाही.

बाळ छान दिसते यात आपली किंवा सासूबाईंची नजर चुकलेली नाही. गर्भात असताना आईच्या रक्तातले थायरॉक्सिन (थायरॉइड ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक; अहवालातले टी-४ ते हेच) वारेतून काही प्रमाणात बाळाकडे जात असते, त्यामुळे जन्मतः थायरॉइड ग्रंथी नसलेले मूलही पहिल्या दिवसांत बहुधा चारचौघांसारखेच दिसते. नाळ तुटली की हा पुरवठा थांबतो आणि अंगातली शिल्लक हळूहळू संपत जाते. तोपर्यंत मेंदूतील पियुषिका ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी टीएसएच अधिकाधिक सोडत राहते. म्हणजे आपल्या हातातल्या अहवालात टीएसएच इतके वर आणि टी-४ इतके खाली आहे, त्याचा अर्थ हाक जोरात दिली जात आहे, पण ओ देणारे कोणी नाही. यात शंकेला जागा उरत नाही. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत प्रत्येकच बाळाचे टीएसएच उसळते, म्हणून टाचेची तपासणी ४८ तासांनंतर करतात. आपल्या मुलीचा नमुना तिसऱ्या दिवसाचा आहे, तेव्हा ती सबबही इथे लागू नाही.

आता त्या शांतपणाविषयी. रडत नाही, उठवत नाही, कुठेही ठेवले तरी पडून राहते, अशा बाळाला घरात गुणी म्हणतात. बहुतेक शांत बाळे निरोगीच असतात, पण बालरोगतज्ज्ञ हा शब्द ऐकला की बाळाला पुन्हा एकदा नीट तपासतो. दूध पिताना मध्येच झोपणे, दोन-तीन आठवडे उलटूनही कावीळ न उतरणे, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, जाडसर जीभ, फुगलेली बेंबी, थंड व कोरडी त्वचा, डोक्याच्या मागच्या बाजूची टाळू बोटाला मोठी लागणे ही सारी थायरॉक्सिन कमी पडल्याची लक्षणे आहेत, मात्र ती ठळक होईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. नेमक्या याच कारणासाठी, लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक नवजात बाळाचे रक्त तपासण्याची पद्धत १९७४ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुरू झाली आणि पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली. साधारण २,००० ते ४,००० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉइड-कमतरतेचा हा विकार असतो. पहिल्या दोन आठवड्यांत पुरेशा मात्रेने उपचार सुरू झालेली बहुतांश मुले बुद्धीने आणि उंचीने आपल्या भावंडांइतकीच वाढतात. आपल्या हाती अजून ५ दिवस आहेत.

ग्रंथी मुळात नाही, लहान आहे, की जिभेच्या मुळाशी अडकून राहिली आहे, हे सोनोग्राफी किंवा स्कॅनमधून कळते. ते जाणून घेणे उपयोगाचे आहे, परंतु स्कॅनची तारीख मिळत नाही म्हणून गोळी लांबवणे अयोग्य ठरेल.

प्रश्न : आमच्या ३ किलो वजनाच्या बाळाला रोज ३७.५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन (गोळीच्या रूपातले थायरॉक्सिन) लिहून दिले आहे. ही मात्रा मोठ्या माणसासारखी वाटते. शिवाय गोळी बाळाला द्यायची कशी?

उत्तर : मात्रा बरोबर आहे. नवजात बाळाला दर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम लागतात; वजनाच्या हिशेबाने हे प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असले, तरी रिकामी झालेली कोठी लवकर भरून काढायची असते. आपल्या बाळाला किलोमागे १२.५ पडतात.

२५ मायक्रोग्रॅमची दीड गोळी कोरड्या चमच्यात ठेवून दुसऱ्या चमच्याच्या पाठीने तिची बारीक पूड करावी, तीत आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी अर्धा-एक चमचा घालावे आणि लगेच गालाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे पाजावे. चमच्याच्या कडेला पांढरा साका चिकटून राहतो. त्यावर पुन्हा चार थेंब टाकून तोही द्यावा, कारण इतक्या लहान मात्रेत तो साका म्हणजे औषधाचा मोठा भाग असतो. बाटलीभर दुधात पूड मिसळू नये. बाळाने अर्धे दूध टाकले तर औषध किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. रोजची वेळ एकच ठेवावी. लोह, कॅल्शियम आणि सोयायुक्त दूध यांनी हे औषध शोषले जाण्यात अडथळा येतो, म्हणून त्यांच्यात आणि गोळीत काही तासांचे अंतर असावे. आठवडाभराचे द्रावण करून ठेवण्याचा मोह टाळावा. गोळ्या मूळ वेष्टनातच, ऊन व ओल यांपासून दूर ठेवाव्यात.

उपचार सुरू झाल्यावर एक ते दोन आठवड्यांनी पहिली रक्ततपासणी होते, टीएसएच आटोक्यात येईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, आणि त्यानंतर वर्षभर एक ते तीन महिन्यांच्या अंतराने. बाळाचे वजन वाढते तशी मात्रा बदलावी लागते. बाळ फार किरकिरे झाले, शी पातळ होऊ लागली, छाती धडधडताना जाणवली, तर मात्रा जास्त होत असेल. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता तपासणी लवकर करून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची असून तिचे वजन फार वाढले आहे. टीएसएच ७ आले, टी-४ मात्र ठीक आहे. थायरॉइडमुळेच वजन वाढते ना?

उत्तर : बहुधा नाही, उलट अनेकदा वजनामुळेच टीएसएच किंचित वाढलेले असते. या वयात थायरॉइडची खरी कमतरता प्रथम उंचीत दिसते. वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढणारे मूल जेमतेम ३ सेंटिमीटरवर येते, गेल्या वर्षीच्या झग्याची लांबी यंदाही पुरते, बद्धकोष्ठ होते, थंडी सोसत नाही. तिची उंची भराभर वाढत असेल, तर काही महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे आणि सोबत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करावी. तूर्त गोळीची घाई नको.

ज्यांना खरोखर गोळी लागते, त्यांच्या पालकांना एक गोष्ट सांगून ठेवतो. उपचारांनंतर मुलाची सुस्ती जाते, आणि वर्गात मुकाट बसणारे मूल चुळबुळ करू लागल्याची तक्रार शाळेतून येते. यासाठी गोळी थांबवण्याचे कारण नाही. ३ वर्षांच्या वयानंतर उद्भवलेल्या कमतरतेने बुद्धीवर सहसा कायमचा घाला पडत नाही, हेही त्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? आणि एखाद्या दिवशी विसरली तर?

उत्तर : ग्रंथी नसेल किंवा भलत्या जागी असेल, तर जन्मभर. ती जागेवर असेल आणि मात्रा फारशी वाढवावी लागली नसेल, तर ३ वर्षे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे ४ आठवडे गोळी थांबवून रक्त तपासता येते. आईच्या औषधांमुळे, तिच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे किंवा आयोडिनच्या कमी-अधिक प्रमाणामुळे आलेली कमतरता काही मुलांत तात्पुरतीच असते. ३ वर्षांच्या आधी हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

गोळी राहिल्याचे त्याच दिवशी आठवले तर आठवताक्षणी द्यावी. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ती उलटून टाकली, तर पुन्हा द्यावी. थायरॉक्सिन रक्तात कित्येक दिवस टिकते, त्यामुळे महिन्यातून एखादी गोळी चुकल्याने बिघडत नाही. पण दर आठवड्याला चुकू लागली, तर पुढच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर वाढलेले टीएसएच पाहून ते विनाकारण मात्रा वाढवतील.