जुना चेनसॉ गेला का? नवा घेताना काय बघाल

प्रश्न : आमची राजापूर तालुक्यात आंबा-काजूची बाग आहे. पेट्रोलवरचा चेनसॉ बराच जुना झालाय. तापला की बंद पडतो आणि तिरका कापतो. जुन्या हापूस कलमांची पुनरुज्जीवन छाटणी करायची आहे. दुकानदार 58 सीसीचं यंत्र, 22 इंची बार (ज्याच्याभोवती चेन फिरते ती पट्टी) घ्या म्हणतो. घ्यावं का?

उत्तर : तिरकं कापणं हा इंजिनाचा दोष नाही. एका बाजूचे दात जास्त घासले गेले किंवा बार एकीकडून झिजला की कापणी वळते. त्याला नवी चेन, फार तर नवा बार पुरतो.

तापल्यावर बंद पडण्याचं मात्र नीट बघा. एअर फिल्टर, प्लग आणि पेट्रोलची नळी तपासा. मग यंत्र गरम असतानाच स्टार्टरची दोरी ओढून बघा. हाताला काही जोरच लागत नसेल, तर पिस्टन-सिलिंडर झिजलेत. त्यावर खर्च करू नका. आणि पुढच्या हँडलपाशी चेन ब्रेक नसेल किंवा तो लागत नसेल, तर इंजिन कितीही ठणठणीत असो, ते यंत्र बाजूला ठेवा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की सॉ उसळून थेट तोंडाकडे येतो. तिथे ब्रेकच वाचवतो.

आता 58 सीसी. सॉ मिलवाल्याचं ठीक आहे, तुम्हाला कशाला? कलमाच्या फांद्यांना 40 ते 50 सीसी आणि 16 इंची बार भरपूर झाला. जास्तीचं वजन दिवसभर खांद्याला, आणि थकलेल्या हातातला सॉ धोक्याचा. शिडीवर उभं राहून तर तो चालवूच नका. उंचावरच्या फांद्यांना लांब दांड्याची करवत वापरा. कंपनी कुठली, यापेक्षा चेन, कार्बोरेटरचे पडदे आणि मेकॅनिक जवळच्या गावात मिळतो का, ते आधी विचारा. ऐन छाटणीत सुट्या भागासाठी आठवडा अडकलं, तर स्वस्त यंत्र महाग पडतं.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवा : 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. अंदाजाने ओतू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. कोकणच्या पावसात टाकी भरून ठेवलेला सॉ दिवाळीला सुरू होत नाही, तो बहुधा याच पायी. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

छाटताना जाड फांदीला आधी खालून खाच घ्या, मग वरून कापा. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल सोलत जाते. कापलेल्या भागावर लगेच बोर्डो पेस्ट लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी). त्यानंतर खोडावर भिरूडाचा (खोड पोखरणाऱ्या किडीचा) भुसा दिसतो का, यावर लक्ष ठेवा. झाड बुंध्यापासून तोडायचं असेल, तर आंब्याला आधी परवानगी लागते, स्वतःच्या बागेतला असला तरी.

अनुदानाची आशा असेल तर खरेदीची घाई नको. यंदाच्या यादीत चेनसॉ आहे का, ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. पूर्वसंमती येण्याआधीचं बिल धरलं जात नाही.