वर्डमध्ये टेक्स्ट बॉक्स जागेवर का राहत नाही, आणि त्यातली मराठी अक्षरं वरून का कापली जातात?

तुम्ही लिहिलंय की दूध संस्थेच्या वार्षिक अहवालात चेअरमनसाहेबांच्या मनोगताशेजारी चौकटीत वर्षाचे आकडे टाकायचेत, पण वर दोन ओळी वाढवल्या की चौकट भलतीकडंच जातीय आणि वेलांट्या कापल्या जातायत. माझं कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपीचं काम आहे. मार्चअखेर झाली की ६ महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागतीय, त्यामुळं ऑगस्ट लागला की संस्थांचे सेक्रेटरी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि बऱ्याच फायलींत हेच दुखणं असतंय.

आधी मुळाचं सांगतो. टेक्स्ट बॉक्स कागदाला चिकटलेला नसतो, तो कुठल्यातरी एका पॅराग्राफला बांधलेला असतो, म्हैस दाव्यानं खुंटीला बांधावी तसा. बॉक्सच्या कडेवर क्लिक केलं की डावीकडं मार्जिनजवळ जहाजाच्या नांगराचं बारकं चिन्ह दिसतंय, तोच अँकर. तो पॅराग्राफ खाली सरकला की बॉक्सपण सरकतो, पॅराग्राफ पुढच्या पानावर गेला की बॉक्स पण त्याच पानावर जातो, आणि तो आख्खा पॅराग्राफ डिलीट केला तर बॉक्सपण त्याच्याबरोबर जातो. लोक म्हणतात आपोआप उडाला, तर ते असं असतंय.

आता बॉक्स सिलेक्ट केल्यावर शेजारी लेआउट ऑप्शन्सचं बटण येतं, त्यात दोन पर्याय आहेत, मूव्ह विथ टेक्स्ट आणि फिक्स पोझिशन ऑन पेज. तुमच्या कामाला दुसरा घ्या. पण फिक्स केलं म्हणजे सुटलो असं नाही हां, पानावरची जागा फिक्स होते, पान नाही. अँकर ज्या पॅराग्राफला आहे तो पुढच्या पानावर ढकलला गेला तर बॉक्स तिकडंच जाणार. म्हणून अँकर माउसनं धरून त्या पानावरच्या अगदी पहिल्या पॅराग्राफला, शक्यतो मनोगताच्या मथळ्यालाच नेऊन ठेवा आणि मथळ्याच्या आधी पेज ब्रेक द्या, मग मजकूर कितीपण वाढू दे, चौकट हलत नाही. ड्रॉ टेक्स्ट बॉक्सनं काढलेला बॉक्स मजकुराच्या डोक्यावर बसतो, तर तिथंच रॅपिंगला स्क्वेअर करा, मजकूर बाजूनं वळून जाईल.

वेलांट्या कापायचं कारण वेगळं. पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली ठेवलेलं असणार, बहुतेक जुन्या इंग्रजी फाइलवरून कॉपी केलंय म्हणून. इंग्रजीला १४ पॉइंट अक्षराला १४ पॉइंट ओळ चालून जाते, पण आपल्याला वर वेलांटी रफार मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षर आलं की उंची वाढते, आणि एक्झॅक्टली म्हटलं की वर्ड तेवढ्याच उंचीत अक्षर दाखवतो, बाकीचं छाटतो. ते सिंगल किंवा ॲट लीस्ट करा, लगेच ‘र्थी’ पूर्ण दिसायला लागेल. शेवटची ओळच गायब होत असेल तर बॉक्स बुटका आहे, मग कडेवर राइट क्लिक, फॉरमॅट शेप, टेक्स्ट ऑप्शन्स, तिथं रिसाइझ शेप टू फिट टेक्स्टला टिक करा. त्याच ठिकाणी आतली मार्जिन असतात, डावी उजवी ०.२५ सेमी आणि वरखाली ०.१३ सेमी, एवढी कमी जागा मराठीला कोंदट वाटते, मी चारी बाजूंनी ०.३ तरी ठेवतो, छापल्यावर फरक दिसतो.

काळी रेघ नको असेल तर वरच्या शेप फॉरमॅट टॅबमध्ये शेप आउटलाइनला नो आउटलाइन. आणि सगळे बॉक्स सारखे पाहिजेत तर एक नीट करून त्याच्या कडेवर राइट क्लिक करून सेट ॲज डिफॉल्ट टेक्स्ट बॉक्स करा, त्या फायलीत पुढचे तसेच येतील.

मनोगत लांबलं आणि एका चौकटीत मावत नसेल तर कापून पेस्ट करत बसू नका. दुसऱ्या पानावर रिकामा बॉक्स काढा, पहिला सिलेक्ट करून शेप फॉरमॅटमधलं क्रिएट लिंक दाबा, कर्सर पाण्याच्या जगसारखा (भांड्यासारखा) दिसायला लागतो, तो रिकाम्या बॉक्सवर नेऊन क्लिक केलं की उरलेला मजकूर आपोआप तिकडं उतरतो. दुसरा बॉक्स रिकामाच पाहिजे, त्यात एक अक्षर जरी असलं तरी लिंक होत नाही.

पण एक मनापासून सांगतो, संकलन, उलाढाल, लाभांश असे आकडे ओळीनं असतील तर तिथं टेक्स्ट बॉक्स नकोच, सरळ टेबल घाला. आकडे उजवीकडं जुळवता येतात, सभासदाला चष्मा न लावता गेल्या सालची तुलना करता येते, आणि ऐनवेळी ऑडिटरनं एखादी रक्कम बदलायला लावली तरी शेजारचं काही विस्कटत नाही. प्रेसला देताना मात्र वर्ड फाइल देऊ नका, पीडीएफ करूनच द्या, कारण तुमचा मराठी फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसला तर ओळी बदलतात आणि मग अँकर बरोबर असूनपण पानं सरकतात.