वाचकांचे प्रश्न : कांदा, निर्यातशुल्क आणि सरकारचा हिशेब

केंद्र सरकारच्या महागाईविषयक धोरणावर आम्ही टीका केली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कांद्यासंबंधी आहेत. पत्रलेखकांमध्ये पिकवणारे आहेत तसे खाणारेही आहेत आणि दोघांचाही रोष एकाच सरकारवर असला तरी त्याची कारणे अगदी उलटी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या चाळीत (कांदा साठवण्याच्या छपरात) उन्हाळ कांदा होता. भाव जरा वर सरकतो न सरकतो तोच केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. वर असेही सांगण्यात आले की, दोन लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने सरकार घेणार आहे, मग ओरड कशाला? आमचे नेमके कुठे चुकते? (चांदवड तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : आपले काही चुकत नाही. मात्र तक्रार त्या एकाच निर्णयापुरती मांडली की सरकारला उत्तर देणे सोपे जाते, म्हणून थोडे मागून पाहू. सप्टेंबर २०१९ च्या मध्याला टनामागे ८५० डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) ठरवण्यात आले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला निर्यात पूर्णच बंद झाली. ती मार्च २०२० मध्ये खुली झाली आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंद झाली, ती थेट १ जानेवारी २०२१ पर्यंत. १९ ऑगस्ट २०२३ रोजी आपण म्हणता ते शुल्क आले, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचे किमान मूल्य आले आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपूर्ण बंदी आली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच आहे असे सांगितले होते. ती मुदत संपायला आठवडा उरला असताना बंदी बेमुदत करण्यात आली. ४ मे रोजी ती उठवली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क ठेवून, म्हणजे टनामागे ७७० डॉलर. त्या वेळच्या विनिमयदराने हा भाव किलोला सुमारे ६४ रुपये होतो आणि त्यात जहाजाचे भाडे धरलेले नाही. या भावाने घेणारा गिऱ्हाईक मिळणे कठीणच होते, तरीही कागदोपत्री निर्यात खुली होती.

आता चाळीकडे या. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो, देशाच्या एकूण कांद्यापैकी सुमारे ७० ते ७५ टक्के उत्पादन याच हंगामाचे असते आणि नवा लाल कांदा येईपर्यंत देश यावरच काढतो. समजा, एका शेतकऱ्याने १,००० रुपये भाव असताना १०० क्विंटल कांदा न विकता चाळीत भरला. ऑगस्टपर्यंत वजनातली घट, कोंब आणि सड धरून २५ क्विंटल गेला, तर उरलेल्या ७५ क्विंटलला १,३३३ रुपये भाव मिळाला तरच तो एप्रिलच्या जागी परत येतो. चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी, पुन्हा भरणी आणि बाजार समितीपर्यंतचे भाडे निराळेच. ऑगस्ट-सप्टेंबरमधली तेजी म्हणजे चार महिने जोखीम अंगावर घेतल्याचा मोबदला असतो. त्याला नफेखोरी म्हणणे चूक आहे आणि सरकारने घाव घातला तो नेमका याच मोबदल्यावर. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव, पिंपळगाव बसवंत या बाजार समित्यांतले लिलाव त्या आठवड्यात बंद पडले, ते उगाच नव्हे.

सरकारी खरेदीबद्दल दोन गोष्टी सांगतो. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला, त्यापुढे दोन लाख टन म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. शिवाय हा साठा शहरांत भाव चढले की स्वस्तात बाजारात सोडण्यासाठीच असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तो २५ रुपये किलोने विकलाही गेला. म्हणजे आपला कांदा घेऊन आपलाच भाव पाडण्याची ही सोय आहे.

माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. ग्राहकाला दिलासा द्यावा की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण द्यायचा असेल तर त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे, अर्थसंकल्पात तो दिसला पाहिजे आणि संसदेत त्यावर प्रश्न विचारता आले पाहिजेत. निर्यात रोखून दिलेला दिलासा नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या खिशातून जातो आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार आहे. शरद जोशी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून ज्याला ‘उणे सबसिडी’ म्हणत, ती हीच. आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) आणि दिल्लीची इक्रियर ही संशोधनसंस्था यांच्या २०१८ मधल्या संयुक्त अभ्यासातही हेच निघाले. २००० पासूनच्या सोळा-सतरा वर्षांत भारतीय शेतकऱ्याला धोरणांतून मिळालेला निव्वळ आधार त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होता.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरीपार गेला होता. अशा वेळी सरकारने हाताची घडी घालून बसावे काय? आपल्या लेखात घर चालवणाऱ्या बाईचा विचार कुठे दिसला नाही. (एक वाचक)

उत्तर : हाताची घडी घालून बसावे असे माझे म्हणणे नाही. २०१९ मध्ये लांबलेल्या पावसाने खरिपाचा कांदा शेतातच सडला होता आणि २०२३-२४ मध्ये तर उत्पादन ३०२ लाख टनांवरून सुमारे २४२ लाख टनांवर आले. टंचाई खरी होती आणि अशा वर्षी निर्यातीला थोडा काळ लगाम घातला तर मी त्याला सरसकट विरोध करणार नाही.

पण या औषधाचा आपल्याला गुण किती येतो, ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या एका शोधनिबंधानुसार ग्राहक कांद्यासाठी मोजतो त्या १०० रुपयांतले सुमारे ३६ रुपये शेतकऱ्याच्या हाती पडतात. आपण ३० रुपये किलोने कांदा घेता तेव्हा त्यातले जेमतेम ११ रुपये त्याचे. निर्यात रोखल्यामुळे शेतकऱ्याचा भाव २० टक्क्यांनी पडला आणि ती घट मधल्या साखळीने जशीच्या तशी आपल्यापर्यंत पोचवली (ही समजूतसुद्धा उदारच म्हणायची), तरी आपले किलोमागे दोन-सव्वादोन रुपये वाचतात. शेतकऱ्याचे मात्र हंगामाचे गणितच कोलमडते. उरलेले ६४ रुपये वाहतूक, आडत, नासाडी आणि किरकोळ विक्रीत जातात. आपला दिलासा तिथे शोधायला हवा, पण तिथे हात घालणे कष्टाचे आणि वेळखाऊ आहे. अधिसूचना एका संध्याकाळी निघते.

शिवाय सरकारची ही तत्परता एकाच दिशेने चालते. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये भाव इतके कोसळले की काही शेतकऱ्यांना गाडीभाडे आणि हमाली-तोलाई वजा जाता हाती जवळपास काहीच उरले नाही. तेव्हा केंद्राकडून नाफेड या सहकारी पणन संस्थेची मर्यादित खरेदी झाली आणि क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, राज्याच्या तिजोरीतून द्यावे लागले. भाव चढले की दिल्ली जागी होते आणि पडले की जबाबदारी मुंबईवर येते, असा हा कारभार आहे.

हे दुखणे एकाच पक्षाचे नाही, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०१० आणि सप्टेंबर २०११ मधल्या निर्यातबंद्या मनमोहन सिंग सरकारच्या काळातल्या आहेत. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातले भाजपचे सरकार गेले त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार कांदा म्हटले की बिचकते. फरक इतकाच की, शेतकऱ्याला बाजारस्वातंत्र्य देण्याची भाषा आजच्या सरकारने सर्वाधिक मोठ्याने केली. १४ सप्टेंबर २०२० ची निर्यातबंदी निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. त्या दुरुस्तीनुसार भाजीपाला-फळांचे किरकोळ भाव दुप्पट झाल्याखेरीज साठ्यावर मर्यादा येणार नव्हती. देशांतर्गत व्यापाराला मोकळीक आणि बंदरावर कुलूप, असे दोन्ही एकाच आठवड्यात झाले.

प्रश्न : ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार एक टक्काही नाही, असे वाचले. मग सरकार आणि रिझर्व्ह बँक त्याचा एवढा धसका का घेतात? (अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता, हे बरोबर. तांदूळ वर्षात पाच-दहा टक्के हलतो, कांदा मात्र चार महिन्यांत दुप्पट होऊ शकतो, आणि ढोबळमानाने तो दुप्पट झाला की एकूण महागाईत अर्ध्या टक्क्याहून अधिक भर पडते. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वर-खाली, ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे. त्यामुळे हा अर्धा टक्का जड जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाई ६.२१ टक्के झाली, ती मुख्यतः भाज्यांमुळे. रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो) फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ अशी दोन वर्षे ६.५ टक्क्यांवर खिळून राहिला, त्याच्या कारणांत खाद्यपदार्थांची महागाई सतत सांगितली गेली. व्याजदराने कांदा पिकत नाही आणि सडायचाही थांबत नाही, हे बँकेलाही ठाऊक आहे.

इथे सरकारचे काम सुरू होते, आणि इथेच ते कमी पडले. टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्यासाठी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींचे ‘ऑपरेशन ग्रीन्स’ जाहीर झाले. त्यानंतरच्या काळातली बंदी-शुल्काची यादी वर दिलीच आहे, त्यावरून योजनेने भाव किती स्थिर केले ते आपणच ठरवावे. साठवणुकीतील कोंब रोखणारा भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प खुद्द लासलगावात वीस वर्षांहून अधिक काळ उभा आहे. तंत्र हाताशी असून ते चाळीपर्यंत पोचले नाही, कारण त्यासाठी सलग दहा वर्षे पैसा घालावा लागतो आणि त्याचे श्रेय पुढच्या सरकारला मिळते.

प्रश्न : दुबईत मधल्या काळात आम्हाला भारताऐवजी इतर देशांचा कांदा घ्यावा लागला. निर्यात खुली झाली की गेलेले गिऱ्हाईक परत येईल ना? (आखाती देशातील एक वाचक)

उत्तर : काही प्रमाणात येईल, पूर्वीइतके येईल असे वाटत नाही. २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला. २०२३-२४ मध्ये तो १७.१७ लाख टनांवर आला आणि २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टनच गेला. आयातदाराला भावाइतकीच खात्री हवी असते. बांगलादेश हा आपला सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता, पण पुन्हा पुन्हा अचानक दार लागल्यावर त्याने पाकिस्तान, चीन, इजिप्त असे दुसरे पर्याय शोधले आणि स्वतःचे उत्पादन वाढवण्याकडेही लक्ष दिले. बंदीच्या काळात अमिरातीला सुरुवातीला १४,४०० टन पाठवायला परवानगी मिळाली, तीही एकाच सरकारप्रणीत सहकारी निर्यातसंस्थेमार्फत. वर्षानुवर्षे बाजार सांभाळलेले खासगी निर्यातदार तेव्हा घरी बसले होते.

प्रश्न : १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झाले. मग हा विषय आता संपला असे का म्हणू नये? (एक वाचक, येवला)

उत्तर : शुल्क गेले ते उन्हाळ कांद्याची आवक वाढू लागल्यावर, म्हणजे ते ठेवण्याचे कारणच उरले नव्हते तेव्हा. ते पुन्हा लावण्याचा अधिकार मात्र जागच्या जागी आहे. सीमाशुल्क दर कायद्यातल्या तातडीच्या तरतुदीने शुल्क आणि १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने बंदी, दोन्ही अधिसूचनेने येतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्र्यांचा पराभव झाला, त्यात कांद्याचा वाटा होता हे अनेकांनी मान्य केले. तरीही त्यानंतर जवळजवळ दहा महिने शुल्क या ना त्या दराने चालूच होते. मागायचे असेल तर नियम मागावा. किरकोळ भाव कोणत्या पातळीला गेला की निर्यातीवर बंधन येईल, ते जास्तीत जास्त किती आठवडे राहील आणि त्या काळात पडलेल्या भावाची भरपाई केंद्र कोणत्या दराने देईल, हे आधी लिहून ठेवलेले असावे आणि ते मार्चच्या आत जाहीर व्हावे, कारण कांदा चाळीत भरायचा की थेट लिलावाला न्यायचा, हे शेतकरी एप्रिलात ठरवतो.